लॅम्प टेस्ट : ठीक

कामोठ्याच्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीत एक लाल फीत बांधलेली असायची. शाळेतल्या मुली वेणीला बांधतात तसली, हातभर लांब. खोली बघायला गेले त्या दिवशी मला वाटलं, कसला तरी नवस असणार. काकूंना विचारलं तर त्या हसल्या. "नवस कसला गं बाई, वारा बगायला बांदलीय ती." तेवढ्यात घरमालक काका आतून आले, फितीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि बाल्कनीचं दार लावून कडी घातली.

"तळोज्याचा हाय," ते म्हणाले आणि आत निघून गेले. त्यांनी माझ्यासमोर उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. खोलीचे नियम, पाण्याची वेळ, कपडे कुठे वाळत घालायचे, हे सगळं काकूंनीच सांगितलं.

काका मूळचे साताऱ्याकडचे. तळोज्यातल्या रसायनांच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं पॅनेल ऑपरेटर म्हणून काढली. म्हणजे कंट्रोल रूममध्ये बसायचं आणि भिंतभर पसरलेल्या दिव्यांकडे आणि काट्यांकडे बघत राहायचं. मी राहायला गेले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण त्यांची पाळी काही संपलेली नव्हती. सकाळी साडेसहाला, दुपारी अडीचला आणि झोपण्यापूर्वी ते घरात फेरी मारायचे. गॅसचा खटका, गीझर, खिडक्या, दाराची कडी. दाराशेजारच्या खुंटीला एक टॉवेल आणि त्याखाली पाण्याची बादली कायम भरलेली असे. वास आलाच तर टॉवेल ओला करून नाकातोंडाला लावायचा आणि वाऱ्याला आडवं चालत सुटायचं, वाऱ्याच्या दिशेनं नाही. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दोनदा करून दाखवायला लावलं. मी टॉवेल तोंडाला लावून सोसायटीच्या गेटपर्यंत चालत गेले, आणि मला कोणता आजार झाला असेल याची वॉचमनची चौकशी पुढे महिनाभर चालली.

मी तशी भित्रीच. कोकणातून एकटी नोकरीला आलेली, रस्ता ओलांडतानासुद्धा दोनदा मागे फिरणारी. पण माझ्या भीतीची मला लाज वाटायची. काकांना त्यांच्या भीतीची अजिबात नव्हती. "भ्यायला लाजायचं कशाला?" ते म्हणायचे. "भीती ही ड्यूटी हाय. पगार घेऊन भ्यालोय मी तीस वर्सं."

त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणाच्या मुळाशी एक गोष्ट होती: लॅम्प टेस्ट. कारखान्याच्या पॅनेलवर काही बिघडलं की त्या जागचा दिवा लागतो. पण दिवाच गेलेला असला तर? म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एक बटण दाबायचं. सगळे दिवे एकदम पेटतात. जो पेटणार नाही तो बदलायचा आणि वहीत लिहायचं, 'लॅम्प टेस्ट : ठीक'. मगच खुर्चीत बसायचं.

काकांनी ही चाचणी घरी आणली होती. खिशात किल्ली असताना ते बाहेरून येताना बेल वाजवायचे, का तर बेल वाजते का ते कळावं. काकूंच्या फोनवरून स्वतःच्या फोनला रोज एक कॉल करायचे. काकू सातच्या मालिकेला बसायच्या, त्याच्या पाच मिनिटं आधी रिमोटची सगळी बटणं दाबून व्हायची. "येक दिवस माजीबी टेस्ट घेतील," काकू म्हणायच्या, "हाक मारून बगतील, ओ देतीय का." काका यावर हसायचे नाहीत. कारण ते हाका मारायचे. काकू दुपारी जरा जास्त वेळ झोपल्या की दारात उभे राहून एकदा हळूच नाव घ्यायचे, आणि त्यांनी "काय ओ?" म्हटलं की परत फिरायचे.

"दिवा लागला न्हाय म्हंजे समदं ठीक हाय, असं न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "दिवाच गेला असंल."

असा माणूस संगणकावर गेम खेळतो, हे मला पहिल्या महिन्यात कळलंच नाही. मी महाप्याला एका कंपनीच्या मदत-कक्षात काम करत होते. दिवसभर कानाला हेडफोन, आणि लोकांचे संगणक दुरून दुरुस्त करायचे. एका संध्याकाळी घरी आले तर हॉलमधून इंजिनाचा आवाज. काका ताठ बसून परदेशातल्या कुठल्याशा रस्त्यावरून ट्रक चालवत होते. उभ्या जन्मात त्यांनी स्कूटरसुद्धा चालवलेली नव्हती. आणि ते चालवणं तरी कसलं! रस्ता मोकळा असताना वेगमर्यादेच्या दहा खाली. रिकाम्या मैदानात वळतानाही इंडिकेटर. गेममध्ये कुठला माल न्यायचा ते आपण निवडायचं असतं. काका सफरचंदं न्यायचे, विटा न्यायचे, फर्निचर न्यायचे. टँकर दिसला की पुढे सरकायचे. "टँकर न्हाय न्यायचा," ते पडद्याला सांगायचे.

आता, हा गेम विंडोजसाठी केलेला आणि काकांच्या संगणकात लिनक्स, म्हणजे दुसरीच प्रणाली. कारखान्यात एकदा पाळी चालू असताना पॅनेलचा संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला होता. दोन मिनिटं सगळी कंट्रोल रूम आंधळी. त्या संगणकात कुठली प्रणाली होती हे त्यांना आठवतसुद्धा नव्हतं, पण घरात लिनक्सच हवं हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. "ह्यो न विचारता काय करत न्हाय. आन जे करतो ते लिवून ठेवतो." लिनक्स जी नोंदींची फाईल लिहितं ती ते रोज वाचायचे. लोक पेपर वाचतात तशी, चष्मा लावून, सावकाश.

पण विंडोजचा गेम लिनक्सवर चालवायचा म्हणजे मध्ये एक दुभाषा लागतो. गेम आपल्या भाषेत सांगतो, दुभाषा ते ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागाला, समजेल असं करून देतो. त्यातच शेडर नावाची भानगड असते. पाण्यावर उजेड कसा पडेल, काच कशी दिसेल, धूर कसा विरेल, हे कार्डाला सांगणाऱ्या या छोट्या छोट्या पाककृती. प्रत्येक नवी गोष्ट पहिल्यांदा समोर आली की तिचं शेडर तयार करावं लागतं, आणि तेवढा वेळ चित्र गचकन थांबतं. एकदा केलं की साठवून ठेवतात, मग थांबत नाही. हे मी काकांना नीट समजावून सांगितलं, तर आतून काकू म्हणाल्या, "म्हंजे वाटण! पयल्यांदा वाटायला येळ लागतो, मग डब्यातलं घ्यायचं." त्या दिवसापासून आमच्या घरात शेडरला वाटण हाच शब्द रूढ झाला.

काकांना तो पहिला गचका सहन व्हायचा नाही. समोर नवा पूल आला, चित्र अर्धा सेकंद थिजलं, की त्यांचे दोन्ही हात टेबलावरून उचलले जायचे. "पयल्यांदा दिसनारी गोष्ट," ते कुजबुजायचे. मग त्यांनी तोडगा काढला. सामान घेण्याआधी रिकामा ट्रक घेऊन तो सगळा रस्ता एकदा जायचा, प्रत्येक पूल, बोगदा, पेट्रोलपंप बघून घ्यायचा, सगळी वाटणं तयार करून ठेवायची, आणि मग माल घेऊन निघायचं. गेममध्येसुद्धा फेरी!

मी राहायला गेल्यावर सहा-सात महिन्यांनी एकदा दुपारी ऑफिसात फोन आला. काका मला नावानं हाक मारत नसत.

"इंजिनेर बाई, आरसे गेले."

"कसले आरसे?"

"गाडीचे. दोनी काळे झाले. गाडी कडंला घेतलीय, पार्किंगचे दिवे लावल्यात. तुमी या."

मी म्हटलं, गेम बंद करा आणि झोपा जरा. पाच वाजता घरी आले तर ट्रक तसाच रस्त्याच्या कडेला उभा, दिवे उघडझाप करतायत, आणि काका खुर्चीत बसून पहारा देतायत. ते दोन-अडीच तास हललेले नव्हते. ट्रकचे दोन्ही बाजूंचे आरसे खरोखरच कोळशासारखे काळे पडले होते.

कारण मला साधंच वाटलं. आदल्या दिवशी कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी आज्ञावली, बदलली होती आणि जुनी साठवलेली शेडरं तिला चालत नसणार. "वाटण आंबलंय," मी म्हणाले, "डबा रिकामा करू." केला. आरसे काळेच. मग दुभाष्याची जुनी आवृत्ती लावून पाहिली, मग ड्रायव्हर मागे नेला. चार दिवस आमचं हेच चाललं होतं. काकांचा दंडक असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बघायचं, वहीत लिहायचं, मगच दुसरी. तिसऱ्या दिवशी मी दमून आले होते. 'केबल तपासली : ठीक' असं मी लिहिलं आणि केबलला हातही लावला नाही.

काकांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. रागानं नाही, अगदी सावकाश. मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्याआधी फक्त काकूंना माहीत होती.

कारखान्यात एका सकाळी त्यांनी बटण न दाबताच 'लॅम्प टेस्ट : ठीक' लिहिलं होतं. कारण काय, तर चहा आला होता. गार झाला असता. पंपाच्या खोलीत गळती झाली तर जो दिवा लागायचा तो त्या सकाळी गेलेला होता, आणि गळती झाली. पॅनेल शांत होतं म्हणून त्यांचा पाळीतला जोडीदार बिनधास्त खोलीत शिरला. तो वाचला. पण पुढे त्याला गेटवर बसवलं, आणि दोन पायऱ्या चढल्या की त्याला कठड्याला धरून थांबावं लागायचं. चौकशीत वही बघितली गेली. वहीत 'ठीक' होतं, तेव्हा दिवा नंतर गेला असणार असं ठरलं. काकांना कोणी एक शब्द बोललं नाही.

"वही माज्या बाजूनं खोटं बोलली," ते म्हणाले. "म्या काय केलं? गप बसलो."

मी उठून केबल काढली, पुसली, पुन्हा लावली. चौथ्या दिवशी दुभाष्याची एक वेगळी आवृत्ती लागू पडली आणि आरशात रस्ता दिसायला लागला. काकांनी डावा आरसा बघितला, उजवा बघितला, वहीत लिहिलं. काकूंनी त्या दिवशी शिरा केला होता. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी ऑफिसात सगळ्यांना ती गोष्ट सांगत सुटले. त्या यशानंच पुढे आमचा घात केला.

दिवाळी होऊन गेली होती. एका संध्याकाळी मी चहा घेत होते आणि काका म्हणाले, "परत वाटण बिगडलं वाटतं. डाव्या आरशाकडं काळपट दिसतंय."

मी बघितलं. मला आरसा स्वच्छ दिसला.

"आत्ता न्हाय म्हनत. मदूनच येतं. पुरतं काळं न्हाय, काचंवर काजळी धरल्यागत. आन कडंला ठिणग्या उडत्यात. बारीक ठिपकेबी तरंगत्यात."

कार्डाची मेमरी तापली की पडद्यावर ठिणग्या आणि ठिपके दिसतात. हे मी फोनवर शेकडो लोकांना सांगितलं होतं, तेच काकांनाही सांगितलं. लगेच कामाला लागलेसुद्धा. आंबलेलं वाटण टाका, डबा रिकामा करा.

आता सरळच लिहिते. काळपट जे होतं ते ट्रकच्या आरशात नव्हतं. काकांच्या उजव्या डोळ्यातला पडदा, म्हणजे रेटिना, सुटत होता. त्या दिवसापासून नऊ दिवस तो रोज थोडा थोडा सुटत होता, आणि ते नऊ दिवस मी एका निरोगी संगणकाची दुरुस्ती करत होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगून ठेवलं होतं की काळं दिसलं की लगेच पडद्याचा फोटो घ्यायचं बटण दाबा. त्यांनी चार वेळा दाबलं. चारही चित्रं मी माझ्या फोनवर उघडली. चारही स्वच्छ. हे काम करणाऱ्या कोणालाही याचा अर्थ कळतो. संगणकानं काढलेलं चित्र चांगलं असेल तर गेम चांगला, शेडर चांगलं, दुभाषा चांगला. दोष त्याच्या पुढे कुठेतरी आहे. पुढे म्हणजे केबल. केबलच्या पुढे मॉनिटर.

तिसऱ्या दिवशी मी केबल बदलली. चौथ्या दिवशी ऑफिसातून एक जुना मॉनिटर उचलून आणला आणि रिक्षात मांडीवर घेऊन आले. तो लावला. काका समोर बसले, थोडा वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "ह्याच्यातबी हाय."

मॉनिटरच्या पुढे काय असतं? मॉनिटरच्या पुढे माणूस असतो. हे मला त्या क्षणी सुचलं. अगदी स्पष्ट सुचलं. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, पडद्याकडेच बघत होते, जरा जास्तच लक्ष देऊन. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "वीज कमी-जास्त होत असेल. उद्या स्टॅबिलायझर बघू."

का म्हणाले? भ्याले म्हणून. काकांच्या भीतीसारखी कामाची भीती नव्हती ती. माझी होती, तोंड फिरवणारी. वयस्क माणसाला 'तुमचा डोळा बघा' म्हणायचं, आणि खरंच निघालं तर? त्यापेक्षा उद्या स्टॅबिलायझर बघणं किती सोपं. काका लगेच म्हणाले, "व्हय, विजेचंच असंल." इतक्या चटकन ते कधीच कशाला हो म्हणत नसत. तेव्हासुद्धा मला कळायला हवं होतं.

पुढचे दिवस आम्ही दोघं भलत्याच उत्साहात होतो. रोज नवी कारणं. मी लिनक्सची नोंदींची फाईल ओळ न् ओळ वाचत होते, त्यात काहीच नव्हतं. वही भरत होती. काका आता मान थोडी उजवीकडे वळवून बसायचे. चहाचा कप उचलताना आधी बोटानं त्याचा कान चाचपायचे. मला हे दिसत होतं आणि मी ते बघत नव्हते.

नवव्या दिवशी रविवार होता. सकाळी साडेसहाची फेरी झाली, काका बाल्कनीत गेले, म्हणाले, "पनवेलचा वारा हाय, उगडा खिडक्या." काकूंनी खिडक्या उघडल्या. पाच मिनिटांत घरभर तो वास आला, कुजक्या लसणासारखा, घशात टोचणारा. मी धावत बाल्कनीत गेले. लाल फीत अगदी ताठ होऊन पनवेलकडे उडत होती. वारा तळोज्याचाच होता.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. खोकत नव्हत्या, नाकाला पदर नव्हता. त्या नुसत्या काकांकडे बघत होत्या.

"यांनी वारा चुकवला," त्या मला म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्यांचीच भीती वाटली. "आवं, तुमाला फीत दिसली न्हाय?"

 काकांनी टॉवेल बादलीत बुडवला, पिळला आणि काकूंच्या हातात दिला. मग स्वतः जाऊन एकेक खिडकी लावून घेतली, हातानं कडी चाचपत.

वाशीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाताना काकूंनी एका पिशवीत जुने चष्मे, कागद आणि ती वही भरली. "त्यांचं समदं ह्यात लिवलेलं असतं," त्या म्हणाल्या. टॅक्सीत काका पुढे बसले होते. मी मागे वही उघडली. दुसऱ्या दिवसाचं पान, मी ऑफिसात असतानाच्या वेळेचं. काकांच्या ठसठशीत अक्षरात दोन ओळी होत्या.

'उजवा डोळा झाकला : काळं नाही.'

'डावा डोळा झाकला : काळं आहे.'

दोन्ही ओळींवर एक रेघ मारलेली होती. आणि खाली, जरा घाईनं, लिहिलं होतं, 'लॅम्प टेस्ट : ठीक.'

ती ओळ मी तीन वेळा वाचली. मग पान मिटलं. काकू शेजारी बसून मणी ओढल्यासारखी पिशवीची दोरी ओढत होत्या. त्यांना वाचता येत होतं, पण मी पान त्यांच्याकडे वळवलं नाही.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी बराच वेळ डोळ्यात प्रकाश टाकून पाहिलं आणि विचारलं, "कधीपासून दिसतंय हे?"

"परवापासनं," काका म्हणाले.

बाई लिहायला लागल्या.  मला वाटलं, बोलावं. मला वाटलं, न बोलावं. वही माझ्या मांडीवर होती. बाईंनी मान वर न करता सांगितलं की हा प्रकार किती दिवसांचा आहे यावर शस्त्रक्रिया कशी करायची ते ठरतं, म्हणून नीट आठवून सांगा.  मी वही उघडून टेबलावर ठेवली. बाईंच्या पुढे नाही, काकांच्या पुढे.

त्यांनी मान वळवून, डाव्या डोळ्यानं ते पान पाहिलं.

"खोडा ते परवाचं," ते डॉक्टरांना म्हणाले. "नऊ दिस लिवा."

डॉक्टर बाईंचं पेन थांबलं. पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर, असं त्या म्हणाल्या, आणि काकूंकडे बघून त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली.

अशा शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस पालथं पडून राहावं लागतं, तोंड खाली करून. डोळ्यात भरलेल्या वायूच्या बुडबुड्यानं पडदा जागेवर दाबून धरावा म्हणून. काका हॉलमधल्या पलंगावर पालथे पडले, दोन उशांच्या मधल्या फटीत तोंड घालून. तीस वर्षं भिंतीकडे बघितलेल्या माणसाला आता फक्त फरशी. त्यांच्या फेऱ्या काकूंनी उचलल्या. फीत बघून त्या मोठ्यानं ओरडून सांगायच्या, आणि काका फरशीला म्हणायचे, "बरं."

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "इंजिनेर बाई, गाडी लावा जरा. आवाज तरी ऐकू दे."

मी ट्रक चालू केला. विटा घेतल्या. त्यांना इंजिनाच्या आवाजावरून वेग कळायचा. "कमी करा," ते खालून म्हणायचे. मी कमी करायचे.

"आरसे दिसत्यात?"

"दिसतायत."

"बगून सांगा."

मी बघितलं. डावा, मग उजवा. दोन्ही आरशांत मागचा रस्ता होता. "दिसतायत," मी पुन्हा म्हणाले. आणि पुढे चालवत राहिले.

"दुसऱ्याच दिशी कळलं हुतं मला," उशीतून आवाज आला. "हात ठिवून बगितलं. पन तुमी डबा उगडून बसला हुता. म्हनलं, जवर बिगाड डब्यात हाय तवर त्यो माज्यात न्हाय. रोज तुमी काय तरी नवं काडायचा आन मला बरं वाटायचं."

माझा ट्रक रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून कोणी तरी हॉर्न वाजवत होतं. मी म्हणाले, "काका, मला चौथ्या दिवशी वाटलं होतं. दुसरा मॉनिटर लावला तेव्हा. मी बोलले नाही."

मला वाटलं, आता ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मग दोगांनीबी बटन न दाबताच लिवलं." आणि थोड्या वेळानं, "गाडी कडंला घ्या. पार्किंगचे दिवे लावा."

मी दिवे लावले आणि तिथेच बसून रडले. काकू आतून आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला, कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही.

पडदा बसला. नजर मात्र आली नाही. उजव्या डोळ्यानं काकांना आता खिडकीचा उजेड कळतो आणि समोर हात हलला तर तेवढं कळतं. डॉक्टर बाईंनी असंही सांगितलं की एका डोळ्याला झालं तर दुसऱ्यावर लक्ष ठेवावं लागतं. कसं लक्ष ठेवायचं, हे त्या समजावून सांगायला लागल्या तेव्हा काका म्हणाले, "ठाऊक हाय."

पुढच्या वर्षी माझं ऑफिस ऐरोलीला हललं आणि मी दिघ्याजवळ खोली घेतली. निघताना काकांनी मला एक कोरी वही दिली आणि लाल फितीचा एक तुकडा. इथे बाल्कनी नाही, म्हणून मी तो खिडकीच्या गजाला बांधलाय. शेजारच्या बाई परवा विचारत होत्या, कसला नवस आहे.

रोज सकाळी साडेसहाला काकांचा फोनवर संदेश येतो. ते सकाळी आधी डोळ्यावर हात ठेवतात, मग लिहितात. साडेसहापासून तो येईपर्यंत मी काहीही करू शकत नाही. दूध उतू गेलं तरी कळत नाही. आज साडेसहा झाले, पावणेसात झाले. काका लिहितायत एवढं पडद्यावर दिसत होतं, मग तेही बंद झालं. मी फोन हातात धरून ओट्याला टेकून उभी होते. फोन करावा म्हटलं, तर बोट त्या बटणाकडे जाईना. सात वाजून चार मिनिटांनी अक्षरं आली.

'डावा ठीक. उजवा गेलेला. बाई, उशीर झाला, दोनदा बगितलं. आता तुमी.'

मी फोन ओट्यावर ठेवला. हात वर केला आणि स्वतःच्या एका डोळ्यावर ठेवला.